मॅनिफोल्ड बदलला आणि आयडलिंग झोके घ्यायला लागलं

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका. घूंऽऽऽ... खाली. परत घूंऽऽऽ... खाली. अ‍ॅक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नाही, आणि आरपीएमचा काटा ९०० ते १७०० फिरतोय.

गाडी माझ्या दाजींची, चुनाभट्टीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. प्लास्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या भागाचं, एक निपल (पाइप जोडायचं तोंड) तुटलं होतं, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना मॅनिफोल्ड आणला आणि रविवारी आम्ही दोघांनीच बसवला. पहिल्या सेल्फला सुरू झाली, आणि लगेच हे झोके. दाजी म्हणाले, "सेन्सर गेला वाटतं."

कालपर्यंत चालणारा सेन्सर नेमका आज कशाला जाईल? जिथे हात घातला, तिथेच आधी शोधायचं. इंजिन कुठूनतरी चोरून हवा घेतंय.

पण मग झोके का? थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद, तरी हवा आत येतेय, म्हणून आरपीएम चढतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघतो की पाय काढलेला आहे आणि आरपीएम एवढा, म्हणजे गाडी उतारावर असणार. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, ठरावीक आकड्याखाली आला की पेट्रोल परत चालू, परत चढतो. इंजिन आजारी नाही, ईसीयू आपलं काम इमानदारीत करतोय. म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळू नका. तो पिळला की एकाच्या जागी दोन बिघाड होतात.

आता जिथे बरेच जण फसतात ते. सगळे सांगतात, स्कॅनर लावा, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय, ते बघा, प्लस २०-२५ टक्के दिसला की लीक. एअर फ्लो सेन्सरच्या, म्हणजे मॅफवाल्या गाडीत हे बरोबर आहे. चोरून आलेली हवा त्या सेन्सरने मोजलेलीच नसते, म्हणून मिश्रण पातळ होतं. २५०० आरपीएमला ट्रिम परत ताळ्यावर येतो, कारण एवढ्या हवेत ती गळती किरकोळ ठरते. पण दाजींच्या गाडीत मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, आणि चोरीची हवासुद्धा त्या दाबात धरली जाते. पेट्रोल त्या हिशोबाने पडतं. आमचा ट्रिम होता फक्त प्लस ४! तो बघून मी जवळजवळ मॅनिफोल्डला क्लीन चिट दिली होती.

मॅपवाल्या गाडीत स्कॅनरवर दाब बघायचा. इंजिन बंद, चावी ऑन: मुंबईत आपण समुद्रसपाटीला, म्हणून १०० किलोपास्कलच्या आसपास दिसलं पाहिजे. लोणावळ्यात हाच आकडा ९४ च्या घरात असेल. इथे पार्किंगमध्येच ९४ दाखवत असेल, तर सेन्सरवर शंका घ्या. आमच्याकडे १००, म्हणजे सेन्सर शाबूत. इंजिन गरम करून आयडलला साधारण ३० ते ४० हवं. आमच्याकडे ५० च्या वर, म्हणजे आत जास्तीची हवा.

मग पाइप. चिमट्याला कापड गुंडाळून एकेक पाइप दाबायचा: ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढणारा), पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा). जो दाबल्यावर आरपीएम पडेल तो चोर. एकानेही फरक पडला नाही. शेवटी साबणाचं पाणी, बाटलीतून, मॅनिफोल्ड आणि हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) जोडावर थोडं थोडं. काही जण इथे कार्ब क्लीनर मारतात. गरम सायलेन्सरशेजारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये? मी नाही मारणार. तिसऱ्या पोर्टपाशी, म्हणजे हवा आत जायच्या तिसऱ्या तोंडापाशी, पाणी गेलं आणि इंजिन एकदम अडखळलं.

मॅनिफोल्ड परत काढला. जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा हेडला चिकटून राहिला होता. आमचीच घाई! हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून तो वाकडा नाही ना, तेही बघितलं. नवीन पॅकिंग, इंजेक्टरचे नवीन ओ-रिंग. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

बॅटरी थोडा वेळ काढून जोडली, म्हणजे बऱ्याच गाड्या आयडल नव्याने शिकतात. दाब आता ३४. एसी लावा, हेडलाइट लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा. काटा जरासा बसून परत जागेवर आला की बोनेट बंद करा.