मुठीचं माप

रात्रीचे साडेअकरा झालेत. जळगावातून जाणारा हायवे अजून जागा आहे. शेवटच्या टेबलावरची ताटं उचलणारा हा पोरगा हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. उद्या सकाळी आठला त्याचा पेपर आहे.

गाव अमळनेर तालुक्यातलं. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि तिच्यात कपाशी. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सहापासून इथली ड्युटी. पगार झाला की आधी फीचा हप्ता, मग खोलीचं भाडं, आणि मग बूट. सलग सहा तास पायांवर काढायचे तर बूट चांगलेच लागतात.

खिशातला हा कागद बघा. केओटीच्या, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, पाठकोऱ्या बाजूला त्यानं पाच सॉसची नावं लिहिलीत: बेशामेल, वेलुते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज. नावं घोकताना जीभ अडखळते. पण लोण्यात मैदा परतून त्यात थोडं थोडं दूध घालत ढवळलं की बेशामेल होतो, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. गुठळी न होऊ देता पिठलं हाटणारी माय त्यानं लहानपणापासून पाहिली आहे.

इथल्या भटारखान्यात सगळ्यात जास्त ऑर्डर शेवभाजीची. भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, काळा मसाला, वर लालभडक तर्री. शेव मात्र आधी टाकायची नाही, तिचा लगदा होतो. रस्सा उकळता ठेवायचा आणि वाटी टेबलाकडे निघाली की शेव सोडायची. हे त्याला वस्तादांनी शिकवलं. शिजलेलं अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधे फार वेळ राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, हे कॉलेजनं शिकवलं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा हा धडा पेपरापुरता राहत नाही.

गावाकडे लोक विचारतात, ‘कपबशा उचलायला कॉलेज कशाला लागतं?’ या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. परवाचीच गोष्ट सांगतो. रविवारी रात्री एक कुटुंब उतरलं, लहान मुलं सोबत, सकाळी अजिंठ्याला निघायचा बेत. या पोरानं पाणी ठेवता ठेवता सांगितलं, ‘काका, सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे उद्या चालू आहे.’ साठेक किलोमीटर जाऊन बंद फाटकापुढे उभं राहणं त्या लेकरांच्या नशिबी आलं नाही. पाहुण्याची काळजी त्याच्याही आधी घेणं, हेच तर या धंद्यातलं शिक्षण.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला दिला. तो जगणं किती दमवणारं असतं, हे मात्र रात्री बाराला या पोराचे पाय बघितल्यावर कळतं. पहिल्या सत्रात त्याचा एक विषय राहिला होता. अकाउंट्सचा. तो त्यानं पुढच्या परीक्षेत काढला.

पेपर संपले, आणि आम्ही त्याच्यासोबत घरी गेलो. थंडीचे दिवस, म्हणजे भरिताचे दिवस. अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केलाय, त्यावर हिरवी लांबट वांगी. साल काळी पडून फुटली, आतून वाफ निघाली. माय सालं काढते, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत गर ठेचते. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कोथिंबीर.

पोरगा बाजूला वजनकाटा घेऊन बसलाय. कॉलेजनं प्रमाणित पाककृती लिहून आणायला सांगितली आहे, ग्रॅममध्ये. मायजवळ एकच माप आहे, मूठ. ती शेंगदाण्यांची मूठ भरते, तो ती काट्यावर रिकामी करायला लावतो. एकोणचाळीस ग्रॅम. पुन्हा भर म्हणतो. एकेचाळीस. तिसऱ्यांदा एकोणचाळीस. तो काट्याकडे बघतो, मग तिच्या हाताकडे. वहीत लिहितो, ‘शेंगदाणे, चाळीस ग्रॅम.’

भरित गार व्हायला लागलंय. कळण्याची भाकरी ताटात पडते.

‘आते जेवी ले, भाऊ,’ माय म्हणते.