पुढच्या चाकांची उसनी उंची

पडद्यावर दिसणाऱ्या या पिकअप ट्रकला लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा भागांचा संच) बसवलेले आहे, चाके मूळच्यापेक्षा मोठी आहेत, आणि तरीही बाजूने पाहिले तर तो नाक खाली करून उभा आहे. हा कोणाच्या कामातला दोष नव्हे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, म्हणून पिकअपची मागची बाजू कारखान्यातूनच पुढच्यापेक्षा इंच-दोन इंच वर ठेवलेली असते. लिफ्ट किटने दोन्हीकडे सारखीच उंची वाढवली, तर हा फरक जसाच्या तसा वर जातो. जो मालक हौदा बहुतेक रिकामाच ठेवतो आणि खडकाळ वाटेने जातो, त्याला हा उतार अडचणीचा वाटतो, कारण चढ सुरू होताना पुढचा बंपर लवकर टेकतो आणि मोठे टायर पूर्ण वळवताना मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतात. म्हणून अशा गाडीची फक्त पुढची बाजू आणखी उचलून ती जवळजवळ समतल करतात; इथे तेच काम आहे.

कामाची सुरुवात पान्याने नव्हे, टेपने होते. गाडी सपाट फरशीवर उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा आणि टायरची झीजही त्या आकड्यात मिसळते. मडगार्ड स्वतःच किंचित वाकडे बसलेले असू शकते, त्यामुळे चॅसीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) समान बिंदूंची उंचीही ताडून पाहावी लागते. गाडी एका बाजूला झुकलेली आढळली, तर लगेच त्या बाजूला जाड स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण हा झोक पुष्कळदा मागच्या थकलेल्या पाट्यातून आलेला असतो आणि पुढे त्याचे फक्त प्रतिबिंब दिसते. अँटी-रोल बारच्या (गाडीचे कलणे रोखणाऱ्या, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या सळईच्या) लिंक सोडवून पुन्हा मोजले, की निदान त्या बारचा ताण तरी हिशेबातून बाहेर पडतो.

स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होते तिथे, उंची वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर स्पेसर बसवणे. स्ट्रटचा खालचा टोक-बिंदू कंट्रोल आर्मवर (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) चाकाच्या बराच आत असतो, त्यामुळे स्ट्रट जितका सरकतो त्याहून चाक अधिक सरकते. अनेक गाड्यांत एक इंच जाडीच्या स्पेसरने चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची मिळते. हे गणित न समजता 'दोन इंच हवे, म्हणून दोन इंचांचा स्पेसर' आणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या गाडीचे नाक मग आकाशाकडे जाते. कॉइलओव्हरला (शॉक ॲब्सॉर्बरभोवती स्प्रिंग असलेल्या जोडणीला) आटे असलेली कॉलर असते आणि टॉर्शन बारला (पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईला) समायोजनाचा बोल्ट. या दोहोंविषयी एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: बोल्ट आवळला की स्प्रिंग कडक होते, असा. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा ताठरपणा तिची तार, व्यास आणि वेढे ठरवतात; कॉलर फिरवून केवळ तिच्या बसण्याची जागा बदलते.

मग गाडी कडक का वाटते? चाकाला वर-खाली सरकण्यासाठी मिळालेली एकूण वाट ठरलेली असते. कॉलर किंवा बोल्ट आवळून गाडी वर उचलली, की तेवढी उंची चाकाच्या खाली जाण्याच्या वाटेतून उसनी घेतली जाते. खड्डा आला, की शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणून थडकतो आणि त्याचा आवाज आत बसलेल्याला ऐकू येतो. डोक्यावर बसवलेल्या स्पेसरचा त्रास वेगळा. त्याने संपूर्ण स्ट्रटच खाली सरकतो, चाक मूळ मर्यादेपेक्षाही खाली लोंबते, आणि तिथे बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे व ब्रेकची नळी ताणली जाते; काही गाड्यांत वरचा कंट्रोल आर्म थेट स्प्रिंगला टेकतो. आधीच लिफ्ट केलेल्या गाडीत हे सांधे तिरपे झालेले असू शकतात, म्हणून स्पेसरवर स्पेसर रचू नये, हे आमचे ठाम मत आहे. सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस) असलेल्या गाडीत हे सांध्यांचे प्रश्न कमी, पण पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा, चॅसीला जोडलेला दांडा) ॲक्सलला चॅसीवरच्या आपल्या टोकाच्या दिशेने आडवे ओढतो.

जोडणीतली एक बारीक गोष्ट सहसा निसटते. कंट्रोल आर्मचे रबरी बुश (सांध्यातली रबराची नळकांडी) पिळ सहन करतात, पण घसरत नाहीत. चाके हवेत लोंबत असताना त्यांचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते, उंची खोटी जास्त दिसते आणि बुश काही काळाने फाटतात. म्हणून बोल्ट आधी सैलसर ठेवून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळायचे. जॅकवरून उतरलेली गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलल्याशिवाय मोजूही नये, कारण टायर फरशीला चिकटून चाकांना बाहेर पसरू देत नाहीत. दाबलेली स्प्रिंग मात्र योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवू नये, आणि गाडीखाली जाताना भार जॅकवर नव्हे, स्टँडवर असावा.

उंची बदलली, की टाय रॉडचा (चाके वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि त्याबरोबर टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बिघडतो; कॅस्टरही (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) साधारणपणे कमी होतो, मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासे होते. व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर कॅस्टर अपेक्षित मर्यादेत येत नसेल, तर समायोजनाची सोय असलेला वरचा कंट्रोल आर्म लावावा किंवा स्पेसर पातळ करावा.

या ट्रकच्या मागच्या बाजूला आम्ही मुद्दाम अर्धा इंच उंची शिल्लक ठेवली आहे. आता हौद्यात नेहमीचा भार चढवला जाईल, गाडी भिंतीसमोर उभी केली जाईल, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही, इतका खाली आणला जाईल.