किल्ली सरपंचांकडे आहे

(दृश्य : पितळी कुलूप, अगदी जवळून. निळं लोखंडी दार. लांब कुठेतरी मोटर चालू.)

हे आमच्या गावचं समाज मंदिर. तालुका पारोळा, जिल्हा जळगाव. किल्ली सरपंचांकडे असते. सरपंच लग्नाला शिरपूरला गेलेत, रात्री येतील. तोवर समाज मंदिर म्हणजे एवढंच : एक दार, एक कुलूप, तीन पायऱ्या आणि पायऱ्यांवर बसलेले चार आप्पा.

मी आर्किटेक्चर शिकलो. पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि शेवटच्या वर्षी थीसिस. विषय आपणच निवडायचा, जागा आपणच शोधायची, आणि ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे, एकट्याने उभं राहायचं. माझा विषय होता अमळनेरचं सांस्कृतिक केंद्र. ते बांधलं गेलं नाही. थीसिसमधल्या इमारती बांधायच्या नसतातच, त्यामुळे तिथे पैसाही भरपूर असतो आणि जागाही.

(दृश्य : अमळनेर, बोरी नदीचं कोरडं पात्र, सकाळ.)

अमळनेरच का? श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तालुक्याच्या गावात, निव्वळ तत्त्वज्ञानासाठी संस्था! साने गुरुजी इथल्याच शाळेत शिकवायचे. १९५२ साली मराठी साहित्य संमेलन इथे झालं, आणि मग एकदम बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा झालं. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही भरलं होतं. एका गावात दोन संमेलनं. दोन्हींना गर्दी.

पण दोन्ही मांडवात. चार दिवसांनी दोऱ्या सुटल्या, खुर्च्या टेम्पोत चढल्या, मैदान पुन्हा मैदान. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तीही या नदीच्या पात्रात. वाळूवर पाळणे, दुकानं, रथ. म्हणजे गावातलं जे मोठं ते सगळं उघड्यावर होतं. मी वहीत लिहिलं : ‘इमारतीची नितांत गरज.’ आज ते वाक्य वाचलं की हसू येतं. मांडव भरतो म्हणजे इमारत नसल्यामुळे लोक अडलेत, असं मी गृहीत धरलं होतं.

पहिलं डिझाइन मी तीन आठवड्यांत केलं. खरं सांगायचं तर ते माझं नव्हतंच. भोपाळचं भारत भवन मी पाहून आलो होतो. चार्ल्स कोरियांची ती इमारत १९८२ साली उघडली. मोठ्या तलावाच्या काठचा उतार, आणि त्या उतारात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे चौक. वरून पाहिलं तर इमारत दिसतच नाही, दिसतात त्या गच्च्या, झाडं आणि पुढे पाणी. मी भारावून गेलो, आणि परत येऊन बोरीच्या काठी तसेच खोल चौक खोदले. कागदावर.

ज्युरीला आलेल्या एका सरांनी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “माती कोणती आहे?”

“काळी.”

“मग हा चौक नाही. हे शेततळं आहे.”

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते. शेतकऱ्याच्या पोराला काळ्या मातीबद्दल कुणी सांगावं लागतं?

(दृश्य : मे महिन्यातलं कपाशीचं रान. जमिनीला भेगा. एका भेगेत हात कोपरापर्यंत जातो.)

ही भेग बघा. आमची कपाशी जिच्या जिवावर वाढते, तीच माती घराला छळते. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर भिंत असेल तर तीही उचलली जाते, मग खचते, आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. खान्देशात कुठल्याही शाळेत जा, खिडकीच्या कोपऱ्याला ती चीर सापडेल. यावर उपाय आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठीच एक पाया रूढ केला, अंडर-रीम्ड पाइल. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचं, तळाशी ते रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. खाली कांद्यासारखा गड्डा तयार होतो. तितक्या खोलवर माती फारशी ओली-कोरडी होत नाही, त्यामुळे वरचा थर कितीही फुगला तरी गड्डा जागेवरून हलत नाही. म्हणजे भोपाळचा खडक जमिनीत उतरू देतो, आणि अमळनेरची माती म्हणते, माझ्या वर राहा. थोडं उंचच राहा.

उंच म्हणजे जोतं. जोतं आलं की ओटा आला. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सुट्टीत मॉडेल घेऊन गावी आलो. एसटीत मांडीवर धरून, पारोळ्यापर्यंत उभ्या माणसाच्या पिशवीपासून वाचवत. संध्याकाळी आप्पांनी ते पाहिलं. छप्पर उचलून आतही पाहिलं. त्यांच्या तोंडी अहिराणीच असते. ते म्हणाले, “भारी शे जिभाऊ. पन कुलूप लागनं, मंग आम्ही कोठे बठसुत?”

तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, कुलूप नाही लागणार, रोज कार्यक्रम असतील. आप्पांनी मान हलवली आणि छप्पर जागेवर ठेवलं.

मग मी मोटारसायकल काढली. पारोळा, एरंडोल, धरणगाव, चोपडा. समाज मंदिरं, सांस्कृतिक भवनं, सभागृहं. त्यातली बहुतेक बंद होती. यात भ्रष्टाचार वगैरे काही नाही, कार्यक्रम नसेल तर इमारत बंद ठेवतात, इतकंच. पण प्रत्येक बंद दारासमोर माणसं होती. पायरीवर, जोत्याच्या कडेवर, शटरला टेकून. एका ठिकाणी मीटरच्या पेटीखाली वीतभर सावली होती, तिथे दोघं पत्ते खेळत होते. मी टेप काढून त्या कडांच्या उंच्या मोजत सुटलो. चौदा इंच, सोळा, अठरा. बसायला चालतील अशाच. कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

थीसिसचा प्रश्न तिथे बदलला. इमारत वर्षातले बहुतेक दिवस बंदच राहणार असेल, तर बंद असताना ती काय देते?

आधी सावली. अमळनेर साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे पंचेचाळीस अंशांवर असतो. आता आठ फूट खोल ओसरी घ्या, दक्षिणेला तोंड, कड दहा फुटांवर. मे महिन्यात दुपारी सगळी सावली. डिसेंबरात ऊन आत सरकत सरकत थेट मागच्या भिंतीच्या पायापर्यंत पोचतं, आणि थंडीत तिथेच म्हातारी माणसं पाठ शेकत बसतात. हे गणित मी कागदावर मांडलं आणि मग आमच्या जुन्या घराची ओसरी मोजली. पावणेआठ फूट. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, दोन हात जाड भिंती. बांधणाऱ्याने अक्षांश पाहिला नव्हता.

खरा शत्रू पश्चिम. मे महिन्यातलं चार वाजल्यानंतरचं ऊन आडवं होत जातं, त्याला कुठलाच छज्जा नीट अडवत नाही. म्हणून पश्चिमेला माणूस बसवायचाच नाही. तिथे जिना, स्वच्छतागृह, खुर्च्यांची कोठी. भिंत आंधळी. ज्युरीत एक जण म्हणाले, हे एलेव्हेशन, म्हणजे ही बाहेरून दिसणारी बाजू, फार मुकं आहे. असू दे.

(दृश्य : रात्र. सरपंच कुलूप उघडतात. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकते.)

सरपंच आले. आत रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेलं जाजम, मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर. आता बघा, म्हणजे ऐका.

(टाळीचा आवाज. मग गुंजणं.)

तीस फूट बाय वीस, वर स्लॅब, खाली कोटा फरशी, भिंतींना ऑइल पेंट. टाळी विरायला मोबाइलच्या रेकॉर्डरवर चार सेकंद लागले. चार सेकंदांत माणूस आठ-दहा शब्द बोलतो. म्हणजे दहावा शब्द उच्चारताना पहिला अजून छताखाली फिरतोय. आप्पांनी वहीगायनातली, म्हणजे आमच्याकडच्या लोकगायनातली, एक वही (गाणं) म्हणून दाखवली, पण आम्हाला नुसता काला ऐकू आला. ग्रामसभेत कुणालाच काही कळत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहाची हीच तक्रार होती. तिथे शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून सूत्र निघालं : खोलीचं घनफळ जितकं मोठं, तितका आवाज जास्त रेंगाळतो, आवाज पिणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितका लवकर मरतो. आजही जगभर तेच सूत्र वापरतात.

आमच्याकडे गाद्या नव्हत्या, गोधड्या होत्या. आईने चार दिल्या, काकूने तीन, बाकी गल्लीतून. बारा गोधड्या दोरीवर टाकल्या, भिंतीपासून वीतभर लांब.

(टाळी. आवाज लगेच विरतो.)

एक सेकंद, थोडा इकडेतिकडे. भाषणाला हवा तेवढाच. आप्पांनी तीच वही पुन्हा म्हटली, आणि काकू दारातून म्हणाली, आता आलं ऐकू. लुगड्यांच्या चिंध्यांनी भरलेली गोधडी आवाज इतकी छान पिते, हे मला पाच वर्षांत कुणी शिकवलं नाही.

थीसिसचा हॉल साठ बाय चाळीस होता, उंची वीस फूट. गणिताने तो रिकामा असताना आठ-नऊ सेकंद घुमत होता. दोनशे माणसं बसली की दोनवर येतो, कारण माणूस स्वतःच एक गोधडी आहे. पण दोनही जास्तच. शिवाय सबाइनने मोजमापासाठी जे एकक धरलं होतं, ते होतं उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी हॉलची उत्तरेची भिंत खोडली आणि तिथे घडीची दारं काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उघडली की आवाजाचं गुंजणं बाहेर जातं, वारा आत येतो, आणि ओसरीत बसलेल्यालाही तमाशा दिसतो. तिकीट न काढता, हे खरं. पुढे नगरपालिकेच्या एका साहेबांना चित्र दाखवलं, तर त्यांचा पहिला आक्षेप तोच होता.

एका गोष्टीला मात्र कुलूप हवंच : केंद्रातल्या जुन्या कागदपत्रांना. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात गेलो तेव्हा कळलं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी मंडळ स्थापन झालं. जुन्या कागदाची गरज माणसाच्या उलट असते. त्याला ऊन नको, पन्नास लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, हवेचा ओलावा सतत वरखाली नको. म्हणून माझ्या नकाशात कागदांची खोली मधोमध गेली. चारही बाजूंनी माणसांच्या खोल्या, आत कागद, आणि किल्ली ग्रंथपालाकडे.

शेवटची ज्युरी बरी गेली. कुणी फार कौतुक केलं नाही.

(दृश्य : समाज मंदिर, जूनची सकाळ. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा.)

ग्रामपंचायतीने परवा बोलावलं होतं. समाज मंदिरापुढे ओटा करायचाय, वर पत्रा. पत्र्याखाली कपाशीच्या काड्यांचा जाड थर आणि मध्ये वीतभर पोकळी ठेवा, एवढंच मी सांगितलं. मग गवंडी म्हणाले, उंची सांगा. मी म्हटलं, अठरा इंच.

“आणि खुर्चीवाल्याचा उतार?”

चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार लागतो. हिशोब सोपा, एका इंचाला एक फूट. अठरा इंचांना अठरा फूट. आम्ही टेप लावली. दारापासून हातपंपापर्यंत पंधरा फूटच जागा. हातपंप हलवायचा का, यावर अर्धा तास गेला. दोन बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या आणि तो विषय तिथेच संपला.

ओटा पंधरा इंचांचा झाला. म्हणजे व्हायचाय. काळी माती आहे, खालची काढून मुरूम भरावा लागेल, आणि पाऊस तोंडावर आलाय, त्यामुळे काम दसऱ्यानंतर. तोवर फक्कीच्या रेघा.

आप्पांनी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणलीय. रेघेच्या आत ठेवून बसलेत. मी विचारलं, रेघेच्या बाहेर का नाही? ते म्हणाले, “बाहेर रस्ता शे.”