रेस दिल्यावरचा तो अर्धा सेकंद

बोर्डावर विषय लिहिलाय ‘ईसीयू ट्यूनिंग करून हेझिटेशन घालवणे’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून गाडीचं अडखळणं घालवणे, आणि त्यासाठी मला चाळीस मिनिटं दिलीत. ट्यूनिंगवर मी बोलणारच आहे, पण आधी अडखळणं म्हणजे नक्की काय हे नीट समजून घेऊ, कारण ट्यूनिंग हा शब्द ऐकला की सगळ्यांची मान लॅपटॉपकडे वळते आणि गाडीकडे कोणी बघतच नाही. इथे बाहाच्या, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेच्या टीमची पोरं बसलीत, ऑटोमोबाईलचे सरही आहेत, त्यामुळे चार स्ट्रोकपासून सुरुवात करत नाही.

अडखळणं म्हणजे मिसिंग, एखादा सिलिंडर न पेटणं, नाही हं. मिसिंग मारणारी गाडी उभ्या उभ्याही थरथरते. गाडीला ताकद नसणं हाही वेगळा प्रकार. मी म्हणतोय ती गाडी आयडलला छान, ऐंशीच्या स्पीडला लोण्यासारखी, फुल रेसवर ताकद मोजणाऱ्या डायनोला लावली तर आकडाही पूर्ण देते, फक्त तुम्ही पटकन पाय दाबला की एक अर्धा सेकंद दम खाते आणि मग गचका देऊन सुटते. तेवढ्या अर्ध्या सेकंदाचंच दुखणं आहे, आणि बाजारात ट्यूनिंगच्या नावाने जे विकलं जातं ते सगळं त्या अर्ध्या सेकंदाच्या नंतरच्या हॉर्सपॉवरचं असतं, यावर माझा खरंच जीव जळतो.

माझी स्वतःची गाडी सांगतो. ऑक्टेव्हिया आरएस, पहिली वाली, 2004 साली आपल्याकडे आली ती. 1.8 टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, दीडशे पीएस. ज्यांनी त्या काळात ती चालवलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय, माझ्यासाठी आजही तिच्यासारखी गाडी नाही. मी घेतली सेकंडहँड, आधीच्या मालकाने हौसेने उघडा कोन फिल्टर, बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक पाइप आणि कुठूनतरी आणलेला रेडीमेड स्टेज वनचा मॅप, म्हणजे ताकद वाढवायला बदललेली ईसीयूमधली टेबलं, टाकलेला. गाडी जायची बेफाम. पण पुण्याहून साताऱ्याला निघालो, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर काढली, पाय दाबला आणि गाडी तिथेच! मागे कंटेनर, शेजारी ट्रक, बायको शेजारच्या सीटवर डॅशबोर्ड धरून बसलेली. अर्ध्या सेकंदाने सुटली गाडी, पण घाटात तेवढ्यात काय काय होऊ शकतं हे तिथून रोज जाणाऱ्यांना सांगायला नको.

मग सुरू झाली गॅरेजची वारी. पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने कॉइल. तिसऱ्याने थ्रॉटल बॉडी साफ केली, फ्युएल पंप बदलला, जुना पंप परत मागितला तर म्हणाला भंगारात गेला. चौथा ट्यूनर, नाव घेत नाही, त्याने गाडी न चालवताच ‘लीन जातेय’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, म्हणून सगळ्या मॅपमध्ये सरसकट पेट्रोल वाढवलं, त्याने झालं एवढंच की एक्झॉस्टला वास यायला लागला आणि अडखळणं जिथल्या तिथे. साधारण चाळीस हजार गेले, आणि या चौघांपैकी एकानेही एक साधा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद, काढला नव्हता. पैशाचं दुःख निघून जातं हो, पण न बघता औषध देणं मला सहन होत नाही.

उत्तर मिळालं साताऱ्यात, एका जुन्या मिस्त्रींकडे. आयुष्य फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरवर गेलेलं, सत्तरी ओलांडलेली. मी गेलो होतो टायरमध्ये हवा भरायला. त्यांनी विचारलं गाडी छान आहे, चालवू का, मी चावी दिली. दोन किलोमीटर जाऊन आले. उजवा पाय कसा ठेवला होता ते मला हाताने करून दाखवलं, म्हणाले, “रेस हळू हळू दिली तर येते. झटक्यात दिली की अडते. आमच्या कार्ब्युरेटरला असतं तर मी म्हटलं असतं पंप गेलाय. तुमच्यात पंप कुठे असतो?”

तुमच्यात पंप कुठे असतो! आठवडाभर हे वाक्य डोक्यात होतं. कार्ब्युरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप असायचा, छोटासा डायफ्राम. पाय झटक्यात दाबला की हवा लगेच आत शिरते पण पेट्रोल जड, ते मागे राहतं, म्हणून तो पंप एक पिचकारी मारायचा. त्याचा डायफ्राम फाटला की गाडी दम खायची. आता आपल्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल फवारतो इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर, त्यातलं काही लगेच आत जातं, काही पोर्टच्या भिंतीला चिकटून पातळ थर बनवतं. पाय वर असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, पेट्रोल पटकन उडतं, थर पातळ राहतो. पाय दाबला की दाब वाढतो, थर जाड व्हायला लागतो, म्हणजे नेमकं इंजिनला जास्त पाहिजे त्या क्षणी भिंतच आधी स्वतःचा वाटा काढून घेते. हे भरून काढायला ईसीयूमध्ये वेगळे मॅप असतात, बॉशच्या जर्मन कागदांत त्याला ‘संक्रमण भरपाई’ अशा अर्थाचा लांबलचक शब्द आहे. पंप तिथे आहे, मिस्त्री. मी नंतर मुद्दाम साताऱ्याला जाऊन त्यांना लॅपटॉपवर ते टेबल दाखवलं, त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं थंड इंजिनला आकडे मोठे आहेत ना, बरोबर आहे, चोकवर असताना पंपही जास्त लागायचा. म्हणजे लॅपटॉप पहिल्यांदा बघितलेल्या माणसाने टेबल वाचलं!

हवा-पेट्रोलचं प्रमाण बघणारा लॅम्डा सेन्सर ही चूक सुधारेल की, असं कोणी म्हणेल. 1976 पासून तो गाड्यांमध्ये आहे, फार मोठी सोय आहे, पण तो बसलाय एक्झॉस्टमध्ये. 3000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 25 वेळा हवा ओढतो, म्हणजे दर 40 मिलिसेकंदाला एकदा. सेन्सरपर्यंत वायू पोचणार, तो सांगणार, ईसीयू ऐकणार, तोवर अडखळून झालेलं असतं.

चिठ्ठी आलीय, बारा मिनिटं राहिलीत. सर, मला वाटलं होतं अजून वीस आहेत. ठीक आहे, मुख्य भाग पटापट सांगतो, लिहून घ्या.

घरी येऊन मी लॉग काढला. आरपीएम, थ्रॉटल, हवेचं मोजमाप, फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो तो आकडा, प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड म्हणजे ठिणगी किती मागे ओढली ते, आणि बाहेरून वाइडबँड, नेमकं मोजणारा सेन्सर, लावून खरा लॅम्डा. लॅम्डा 1 म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर. झटक्यात पाय दाबला की लॅम्डा क्षणभर 1.2 ला, म्हणजे चांगलाच लीन. पण मोठी गोष्ट होती ट्रिम, अधिक 23 टक्के, आणि ईसीयूची मर्यादाच 25 च्या आसपास असते. हा ट्रिम फक्त आयडलला जास्त असता तर मी व्हॅक्यूम लीक शोधला असता, कारण चोरून येणारी थोडीशी हवा आयडललाच जास्त जाणवते. इथे तो सगळीकडे साधारण सारखा जास्त होता, म्हणून संशय हवेच्या मापावर.

एअर मास सेन्सर पाइपमध्ये एका जागी हवेचा वेग बघतो आणि पाइप किती रुंद आहे हे ईसीयूला आधीच माहीत आहे असं धरून चालतो. तुम्ही 60 मिलिमीटरच्या जागी 64 चा पाइप टाकलात, चारच मिलिमीटर, तरी क्षेत्रफळ जवळपास 14 टक्क्यांनी वाढतं, वेग जवळपास 12 टक्क्यांनी कमी होतो आणि ईसीयू समजतो हवाच कमी आली. मग दुहेरी मार बसतो. पेट्रोल कमी पडतं ते ट्रिम भरून काढतो खरा, पण ट्रिम एकच आकडा आणि पाइपची चूक प्रत्येक प्रवाहाला थोडी वेगळी. शिवाय लोड कमी दिसतो म्हणून इग्निशनही हलक्या लोडचं, म्हणजे जास्त पुढचं वापरलं जातं, ठिणगी लवकर पडते, इंजिन नॉक करतं म्हणजे आतून ठोके देतं, ईसीयू टायमिंग झपकन मागे ओढतो. ते ओढणंही पायाला अडखळल्यासारखंच लागतं. प्लग बदलून यातलं काय सुटणार होतं?

मी भंगारातून कंपनीचा मूळ पाइप आणि फिल्टर बॉक्स शोधून आणला. ट्रिम 23 वरून 9 वर. उरलेले 9 कशाचे? ई20 चे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त इंधन. ही गाडी बनली तेव्हा तिला हे कोणी सांगितलेलं नाही. आणि इथेनॉलला उडायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून भिंतीवरचा थर आणखी जाड, सकाळी तर विचारूच नका.

आता ट्यूनिंग. क्रम चुकवू नका. आधी स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून, गळती बंद, टर्बो गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्हचा डायफ्राम न विसरता, तो फाटला तर टर्बोने दाबलेली हवा परत टर्बोच्या आधी जाते, बूस्ट पडतो आणि गाडी अडखळते, आजार वेगळा पण लक्षण तेच. मग हवेचं माप खरं करा, जमलं तर मूळ पाइप लावून, नाहीतर सेन्सरचा कर्व्ह लिहून. मग इंजेक्टरचा स्थिरांक, सगळ्या पेट्रोलला लागणारा एकच गुणक, वाढवा, माझ्या गाडीत मी आठ टक्के वाढवला आणि ट्रिम शून्याच्या आसपास आला. मग, आणि फक्त मगच, संक्रमण भरपाईला हात लावा. एका वेळी पाच टक्के, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच कूलंट तापमानाला, आणि प्रत्येक वेळी लॉग. माझं काम पंधरा टक्क्यांवर झालं, गरम इंजिनला त्याहून कमी पुरलं. जास्त टाकलंत तर लॅम्डा दुसऱ्या बाजूला जातो आणि गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, होऊन परत अडखळते, तेव्हा उत्साहात वाढवत बसू नका. इग्निशन सगळ्यात शेवटी, आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरून जास्त ऑक्टेनच्या मॅपची अपेक्षा ठेवू नका.

टॉर्क मॉडेल राहिलं, ड्राइव्ह बाय वायरमध्ये पेडल थेट थ्रॉटल उघडत नाही, टॉर्क मागतं, तिथेही मुद्दाम ठेवलेला उशीर असतो, पण सर उभे राहिलेत. ते खाली पार्किंगमध्ये सांगतो. गाडी गेटजवळच लावलीय, लाल, लॅपटॉप चार्ज आहे. पाइप बदलायच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लॉग एकावर एक ठेवून दाखवतो, शेजारच्या सीटवर एका वेळी एकानेच बसा, आणि झटक्यात पाय मी दाबणार, तुम्ही स्क्रीनवर लॅम्डा बघायचा.