पाइप वाकवण्याआधी

[दृश्य: कार्यशाळेची भिंत, टेप, पेन्सिल]

जळगाव जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत आपण पाहत आहोत ती प्रशिक्षणार्थी इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. तिला २० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप, म्हणजेच विजेच्या तारा वाहून नेणारा कॉन्ड्युट, वाकवायचा आहे. पण बराच वेळ ती पाइपाला हातही लावत नाही. ती भिंत मोजते आहे.

भिंतीपेक्षा १०० मिलिमीटर पुढे आलेल्या तुळईवर चढून पाइपाला पुढे सरळ जायचे आहे. त्यासाठी एकमेकांच्या उलट दिशेचे दोन वाक द्यावे लागतात आणि या वळणाला कामावर ऑफसेट म्हणतात. दोन्ही वाक ३० अंशांचे ठेवले, तर पाइपावर वाकांसाठी केलेल्या दोन खुणांमधले अंतर त्या १०० मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे २०० मिलिमीटर येते, कारण ३० अंशांच्या कोनाची साइन अर्धी असते. दहावीत पाठ केलेली ही किंमत इथे प्रथमच हाताला लागते. वाक ४५ अंशांचे घेतले, तर अंतर १४१ मिलिमीटर होते आणि जागा वाचते, पण पुढे तार ओढताना ती अधिक अडते. शिवाय तिरका मार्ग सरळ मार्गापेक्षा लांब असल्याने ३० अंशांच्या ऑफसेटमध्ये पाइपाचे टोक सुमारे २७ मिलिमीटर मागे सरकते, आणि तेवढी लांबी आधीच धरली नाही, तर पाइप तारा जोडण्याच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही.

आता पाइप यंत्रात जातो. खाचेचे चाक आणि लांब दांडा एवढेच हे यंत्र आहे, पण त्यात पाइप कसा ठेवला यावर पुष्कळ अवलंबून असते. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि दोन्ही कुशींवर सर्वांत कमी ताण येतो. म्हणून पाइपाची जोडाची रेघ कुशीला ठेवावी, असे शिल्प निदेशक, म्हणजे संस्थेतले शिक्षक, दाखवतात, कारण ती ताणाच्या बाजूला आली, तर जोड उकलण्याचा धोका असतो. दांडा सोडताच पाइप किंचित मागे येतो. किती मागे येतो हे प्रत्येक पाइपावर अवलंबून असते, त्यामुळे हवा त्यापेक्षा थोडा अधिक कोन देऊन मग गुण्या लावून पाहायचे, हे हाताने शिकावे लागते. तिच्या पहिल्या पाइपात हा अधिकचा कोन द्यायचा राहिला. दुसऱ्यात कोन बरोबर आले, पण पाइपात पीळ राहिला: दोन्ही वाक एकाच प्रतलात नव्हते. पाइपाच्या पूर्ण लांबीवर खडूची एक सरळ रेघ ओढून, टोकाकडून एक डोळा मिटून पाहिले की हा पीळ लगेच दिसतो.

काटकोनाचा हिशेब वेगळा आहे. मध्यरेषेची त्रिज्या १०० मिलिमीटर धरली, तर कोपऱ्यातून मोजलेले अंतर २०० भरते आणि वळणावरून मोजलेले केवळ १५७. उरलेले ४३ मिलिमीटर वजा करायला विसरले, की पाइप तेवढा लांब पडतो.

[दृश्य: अंगणात उन्हात ठेवलेले पांढरे पाइप]

पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांसाठी जळगावचे नाव आहे. हा पाइप यंत्राशिवाय, आत स्प्रिंग सारून, गुडघ्यावर वाकवतात. पाइप हलका, मध्यम वा जड असला, तरी बाहेरचा व्यास तोच राहतो आणि आतला बदलतो. त्यामुळे स्प्रिंग त्या मापाची नसली आणि सैल पडली, तर वळण चपटे होते. थंडीच्या सकाळी पाइप आधी कापडाने घासून ऊबदार करावा लागतो, नाहीतर तो चिरतो. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हातला पाइप सहज वाकतो खरा, पण स्वतःच्या वजनाने लोंबूही लागतो.

तयार एल्बो, म्हणजे आधीच वळवलेला जोडतुकडा, लावून काम उरकता येते, आणि अनेक ठिकाणी तसेच उरकले जाते. पण एल्बोचे वळण तीव्र असते, प्रत्येक एल्बोमागे दोन सांधे वाढतात, आणि मुख्य म्हणजे ती लावणाऱ्याला मोजायला शिकवत नाही. एक पाइप बिघडला म्हणून शिकणाऱ्याला दुसरा नाकारू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. या मुलीला तिसरा मिळाला.

जिनिंगच्या शेडमध्ये, जिथे कापसाचे तंतू प्रत्येक कडेवर साचतात, तिथे तारा अशाच लोखंडी पाइपांतून जातात. दबलेल्या वळणात तारेचे वेष्टन सोलले गेले, तर आग लागू शकते.

[दृश्य: तिसरा पाइप भिंतीवर]

तिसरा पाइप तुळईवर टेकतो. ती त्यावर पाणसळ ठेवते, पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे सॅडल, आवळते आणि तारा ओढण्यासाठीची फिश वायर आत सारते. दोन पेट्यांमध्ये चार काटकोनांपेक्षा अधिक वळण नसावे, असा नियम आहे. इथे सगळे मिळून दीडशे अंश भरतात, एक काटकोन आणि ऑफसेटचे दोन वाक. दुसऱ्या पेटीपाशी तिचा सहकारी बोट धरून थांबला आहे. वायरचे टोक त्याच्या बोटाला लागते.