आधी हात ओले करा

नमस्कार श्रोतेहो.

एक वाक्य आधीच सांगून ठेवतो, पुढच्या दहा मिनिटांत ते मी दोन-चारदा म्हणणार आहे. जिवंत मासा हातात घ्यायचा असेल, तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरची बुळबुळ लागून येते आणि ती बुळबुळ हेच त्याचं चिलखत असतं. ते उतरलं, तरी मासा सोडल्यावर झकास पोहत जातो. आपण टाळ्या वाजवतो. आणि आठवड्याभरात त्याच्या अंगावर बुरशी धरते. म्हणून, आधी हात ओले.

तर विषय असा, रिकाम्या होणाऱ्या धरणात अडकलेले मासे वाचवणं. धरणाच्या विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचं, दार गळायला लागलं किंवा भिंतीतून पाणी पाझरायला लागलं, की दुरुस्तीसाठी पाणी उतरवावं लागतं. पुणेकरांनी टेमघरचं पाहिलंय. तिथे गळती रोखण्याच्या कामासाठी धरण रिकामं करावं लागलं. पाणी उतरवायचं म्हणजे पाटबंधारे खातं ते कालव्याच्या आवर्तनात बसवतं, शेताला देतं, थेंब न् थेंब मोजतं. माशांचा हिशोब मात्र कुठल्या वहीत नसतो. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असतो, ती रोहू, कटला, मृगळ काढून विकते. तो तिचा हक्कच आहे. मागे राहतात ते दगड-खोडांच्या अडचणीत बसलेले, जाळ्याला न सापडणारे.

आणि उरलेलं पाणी तापतं. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. म्हणजे एसटीत उभे प्रवासी वाढत जावेत आणि खिडक्या एकेक करून बंद व्हाव्यात, तशी गत. मासे पाण्यावर तोंडं काढून उभे राहिले, की समजायचं आपल्याला उशीर झाला.

(आता धरण का गळतं, यावर कृपा करून खेकड्यांचं नाव घेऊ नका. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली आणि ठपका आला खेकड्यांवर. खेकड्याला पत्रकार परिषद घेता येत नाही, म्हणून. असो.)

तर आम्ही गळवाले. म्हणजे रविवारी काठी घेऊन पाण्याकाठी बसणारे आणि घरच्यांच्या मते काहीही न करणारे. एक दातांचे डॉक्टर, गॅरेजवाले दोघे भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला मी, असे अकरा जण. घाटाच्या पायथ्याशी एक छोटं धरण आहे, नाव सांगत नाही. त्याचं दार दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला निरोप धाडला. म्हणाले, "तुम्ही एरवी आमचे मासे फुकट धरता, आता जरा कामाला या." मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी, संस्थेचं पत्र, सगळं हातात घेऊन आम्ही मार्चमधल्या एका पहाटे पाच वाजता तिथे हजर. सोबत छोटा हत्ती टेम्पो, त्यात काळी टाकी, ऑक्सिजनचं नळकांडं, खडेमीठ आणि ओली पोती. प्रत्येकाने गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला, म्हणजे काढताना माशाचं तोंड फाटत नाही.

उघड्या पाण्यात आमचा काही उपयोग नव्हता, हे कबूल करतो. तिथे भोई मंडळींनी दोन ओढीत जे काढलं, ते आम्हाला महिनाभरात जमलं नसतं. आमची गरज होती विहिरीत.

पाणी उतरलं तसं बुडालेलं गाव वर आलं होतं. घरांची जोती, देवळापुढचा पार, आणि एक दगडी बांधाची विहीर. मोटेचं पाणी पडायचं दगडी थारोळं शाबूत, बैलांची धाव गाळाखाली. धरणाचं पाणी मागे सरलं आणि विहिरीत मासे कोंडून राहिले. जाळं टाकावं तर आत गंजका पाइप, ढासळलेले दगड आणि उंबराचं एक खोड. जाळं फाटणार, मासे तिथेच. म्हणून गळ.

नऊ वाजेपर्यंत कणकेच्या गोळ्यांवर शिंगटे आले, गांडुळावर दोन वाम, एक मरळ. मरळ बरी, ती वरची हवा घेते, त्यामुळे ओल्या पोत्यात गुंडाळली तरी तासभर तग धरते. पण खाली खोडाजवळ एक सोनेरी पाठ मधूनमधून वळत होती. महसीर, मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. तिला कणकेची पर्वा नव्हती. डॉक्टरांनी परदेशातून आणलेलं, माझ्या महिन्याच्या पेट्रोलएवढं महाग खोटं आमिष नाचवून पाहिलं. तिने बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात काठावर एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली, पदर कमरेला खोचलेला. पुनर्वसनाचं गाव वर टेकाडावर आहे, तिथून पायी आल्या होत्या. ही विहीर त्यांच्या सासरची.

"काय घालताय त्याला?"

"कणीक, मावशी."

"कणीक? हितं उंबर हुता न्हवं. पानी शेंदाय आलं की टपाटपा फळं पडायची आन् खालनं तोंड यायचं. मामंजींनी सोडलेला मासा हाय त्यो."

विहीर पाण्याखाली जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. मामंजींचा मासा तो नव्हे, हे मला कळत होतं. पण मी कशाला बोलू? गॅरेजवाल्या धाकट्याने कालव्यावरच्या झाडाची ओंजळभर उंबरं आणली. पिकलेलं, जरा मऊ उंबर गळाला लावलं आणि सोडलं.

काही नाही. अर्धा तास काही नाही. मावशी थारोळ्यावर बसून आम्हाला धरणात गेलेल्या घरांची नावं सांगत होत्या, हे कुणाचं, ते कुणाचं. आणि बोलता बोलता दोरी तिरकी झाली.

दोरी आम्ही मुद्दाम जाड घेतली होती. मासा दमवून दमवून मारायचा नव्हता. पाच मिनिटांत महसीर वर आली. पण पुढे काय? विहिरीचा काठ पाण्यापासून पंधरा फूट वर आणि आमची हातजाळी सहा फुटांची. दोरीने उचलावं तर जबडा तुटेल.

थोरला गॅरेजवाला मूळचा जुन्नरचा. तो म्हणाला, "बिबट्या विहिरीत पडला की आम्ही बाज सोडतो."

आता श्रोतेहो, अकरा शिकलेली माणसं हे ऐकून हो म्हणाली, यावर विश्वास ठेवा. चौकीदाराची बाज आली. चार पायांना चार दोर बांधले, वर ओलं पोतं अंथरलं आणि सोडली खाली. मासा बाजेवर घेतला. एक हात उचलला, दोन हात उचलला, आणि बाज कलली. गळाचा काटा सपाट केलेला, तो अलगद निसटला. मासा धप्पकन पाण्यात.

सगळे गप्प. मावशी म्हणाल्या, "बिबट्याला नख्या आसत्यात बाबा. त्यो धरून बसतो."

मग त्यांनीच नातवाला घरी पिटाळलं आणि त्याच्या आंघोळीचा निळा टब आणवला. पुन्हा उंबर लावलं. तासाभराने पुन्हा दोरी तिरकी झाली. या वेळी टब पाण्यात बुडवून, मासा पाण्यासकट त्यात घेतला आणि चौघांनी सारख्या हाताने ओढला. पाच-सहा किलो असेल. एकेक खवला जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा. मी ओठ तपासला. आधीच्या गळाची खूण नव्हती. म्हणजे ही दुसरी. पहिली अजून खालीच.

आम्ही दुपार होईपर्यंत बसलो. ती आली नाही. विहिरीला झरा होता, पाणी गार होतं, अध्यक्ष म्हणाले, पावसापर्यंत तिला काही होत नाही. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. घरी कुनीतरी पायजेच की."

समोरच्या खोलीतून खूण होतेय, दोनच मिनिटं राहिली म्हणून. तर भराभर सांगतो. मासे सोडायचे ते त्याच नदीच्या पाण्यात, दुसऱ्या खोऱ्यात नेऊन नाही. ही आपली महसीर मुळा-मुठेची. 1839 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिला खुद्री हे नाव दिलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून तिची पैदास केली, मोठं काम झालं. पण हीच महसीर कावेरीतही सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि तिथली मूळची वशिंडवाली महसीर घटत गेली, आज ती नामशेष होण्याच्या काठावर आहे. हे लक्षात आलं ते तिथल्या गळवाल्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून! म्हणून वही ठेवा. घरचे म्हणतात ती काही न करण्याची वही.

थाई मांगूर हा परका मासा सापडला तर तो पुढे न्यायचा नाही, त्याच्या पैदाशीवर 2000 सालापासून बंदी आहे. घरच्या काचेच्या टाकीतून तलावात सोडलेला सकर मासाही नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळी कशी फाटतात ते. कंटाळा आला की टाकीतले मासे तलावात ओतणाऱ्यांना माझ्या मते दंड हवा, पण ते एक वेगळं भाषण आहे.

टाकीतून थेट ओतू नका. नव्या जागेचं पाणी थोडं थोडं टाकीत मिसळा, दोन्ही पाणी हाताला सारखं लागलं की मगच सोडा. आणि तो हात, अर्थातच, ओला.

टब अजून माझ्याकडेच आहे. नातू आता आठवीत गेला म्हणे.

नमस्कार.