जमिनीतला कोळसा आणि हाती लागणारा कोळसा

नमस्कार मंडळी. इंदूरला आपल्या घरात येणारी वीज खंडव्याकडच्या सिंगाजीसारख्या केंद्रांतूनही येते आणि तिथे कोळसा जळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मग कोणीतरी विचारतंच, कोळसा पुरणार किती वर्षं? लोक पटकन हिशेब करतात. १ एप्रिल २०२३ च्या सरकारी आकड्यात देशात ३७८ अब्ज टन, आपण काढतो वर्षाला साधारण १ अब्ज, झाली ३७८ वर्षं! नाही हो, असा भागाकार करायचाच नसतो. जमिनीत असलेला कोळसा वेगळा, वर काढता येणारा वेगळा. सीताफळ किलोने घेतलं तरी पोटात जातो तो गरच ना.

त्या ३७८ मधले सुमारे १९९ अब्जच सिद्ध, म्हणजे कमी अंतरावर बोअर मारून पाहिलेले. बाकी ठिकाणी बोअर लांब लांब, मधे थर तसाच असेल असं धरलेलं. आणि हे सगळं १२०० मीटर खोलीपर्यंतचं बरं का.

आता परासियाची गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. कॉलेजात असताना आमची सहल छिंदवाड्याकडच्या परासियाला एका खाणीत गेली होती. (हल्ली शाळा-कॉलेजं पोरांना वॉटरपार्कला नेतात, मला ते अजिबात पटत नाही, एकदा तरी खाण दाखवा, धरण दाखवा, आपण कशावर जगतो ते कळू दे त्यांना.) तर खाली उतरलो, डोक्याला दिवे, आणि बरोबर एक म्हातारे ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे, सौंसरकडचे, मराठी बोलणारे, आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. आमच्यातली एक हुशार मुलगी, तिने तिथेच वहीत गणित मांडलं. क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी गुणिले घनता. १ चौरस किलोमीटर, थर ३ मीटर, घनता १.४, आले ४२ लाख टन. तिने काकांना दाखवलं. काकांनी गणित नीट वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि शेजारच्या कोळशाच्या खांबावर हात ठेवला. "पोरी, हा पिलर धरलास का यात?" ती म्हणाली हो, सगळंच धरलंय. "मग हा काढू? छत कोण धरेल?"

आम्ही गप्प. त्यांनी समजावलं की आधी गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, खोदतात, मधे पिलर सोडतात, त्या पहिल्या फेरीत चौथा, फार तर तिसरा हिस्सा कोळसा निघतो, बाकी पिलरमध्येच उभा. नंतर परत येताना पिलर काढतात, पण छत बसतं, जमीन खचते, म्हणून वर काय आहे ते बघावं लागतं. मग त्यांनी वर बोट केलं. "इथे बरोब्बर वर आमची वस्ती आहे. सकाळी तुम्हाला चहा दिला ना सुनेनं, ते घर इथे डोक्यावर. हा पिलर कागदात आहे, पण तो कधी निघायचा नाही." त्या मुलीने तिथेच ४२ लाखाखाली रेघ मारून लिहिलं, वर काय आहे?

तेच परत सांगतो, आकडा ऐकला की विचारा, वर काय आहे? गाव, रेल्वे, नदी असेल तर खालचा कोळसा मोजलेला असतो पण अडकलेला. सिंगरौलीला झिंगुरदाचा थर १३० मीटरच्या वर जाड, आणि खाण उघडी, म्हणजे वरची माती काढून खोदलेली, तिथे पिलर सोडावे लागत नाहीत म्हणून हिस्सा बराच जास्त मिळतो. पातळ आणि खोल थर असेल तर खर्चच परवडत नाही, भाव वाढला की तोच कोळसा काढण्याजोगा होतो. म्हणून काढता येणाऱ्या कोळशाचा आकडा बदलत राहतो, जमिनीत काही न बदलताही.

आणि झारखंडातल्या झरियात १९१६ पासून जमिनीखाली आग आहे, मोजलेला कोळसा तिथे मोजता मोजता जळतोय. त्याबद्दल पुढच्या भाषणात सविस्तर बोलू. नमस्कार.